टीआर: लायसन्सवरची दोन अक्षरं आणि तीस वर्षांचं भांडण

पोस्ट लांबलीय, आधीच सांगतो. पण घरात कुणी टेम्पो, पिकअप, स्कूल व्हॅन किंवा ट्रॅक्टर चालवत असेल तर शेवटपर्यंत वाचा.

खिशातलं लायसन्स काढून बघा. त्यावर इंग्रजी अक्षरांचे दोन-तीन गट दिसतील. एमसीडब्ल्यूजी म्हणजे गिअरची मोटारसायकल. एलएमव्ही म्हणजे लाइट मोटर व्हेइकल, हलकं मोटार वाहन, आपण ज्याला 'फोर व्हीलरचं लायसन्स' म्हणतो ते. आणि ज्यांनी कधी टॅक्सी, टेम्पो किंवा ट्रकवर पोट भरलंय त्यांच्या कार्डावर आणखी एक शब्द असतो, टीआर किंवा ट्रान्स. म्हणजे ट्रान्सपोर्ट.

हा ट्रान्स असला की नसला, एवढ्यावर या देशात हजारो अपघाताच्या केसेस फिरल्या आहेत. गाडीखाली आलेल्या माणसाच्या बायकोला इन्शुरन्सचे पैसे मिळणार की नाही, आणि एकच टेम्पो असलेल्या मालकाच्या डोक्यावर लाखोंची वसुली येणार की नाही, हे त्या एका शब्दावर ठरत होतं. अपघात कसा झाला, चूक कोणाची, ड्रायव्हरला गाडी येत होती का, हे प्रश्न मागे पडायचे. ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने या भांडणाचा निकाल लावला. त्या दिवशी बातमी आली आणि गेली. पण भांडण मुळात कुठून आलं हे फार कमी जणांनी सांगितलं, म्हणून हा खटाटोप.

सुरुवात जुनी आहे. सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी मोटारींचा पहिला कायदा आला १९१४ साली. तो साधा होता: गाडी नोंदवा, चालवणाऱ्याकडे लायसन्स असू द्या, अठराच्या आतल्याने रस्त्यावर मोटार चालवू नये. तेव्हा मोटारीच होत्या किती? संस्थानिक, साहेब लोक, मुंबईचे शेटजी.

खरा बदल झाला तो दोन महायुद्धांच्या मधल्या काळात. पहिल्या युद्धानंतर लॉऱ्या आणि मोटार-बस स्वस्त झाल्या, गावोगावच्या खाजगी सर्व्हिस मोटारी सुरू झाल्या आणि रेल्वेचं गिऱ्हाईक पळायला लागलं. सरकारचा पैसा रेल्वेत अडकलेला. १९३२-३३ मध्ये मिचेल आणि किर्कनेस या दोन अधिकाऱ्यांनी रस्ता आणि रेल्वे यांच्या स्पर्धेवर अहवाल दिला, पुढे वेजवुड समितीनेही तेच रडगाणं गायलं, आणि यातून १९३९ चा मोटार वाहन कायदा जन्माला आला. परमिटची पद्धत त्याच कायद्याने पक्की केली. कुठल्या रस्त्यावर कोणी, किती गाड्या धंद्यासाठी चालवायच्या हे सरकार ठरवणार. त्यासाठी धंद्याच्या गाड्यांना एक सामाईक नाव हवं होतं. ते नाव म्हणजे 'ट्रान्सपोर्ट व्हेइकल'. भाड्याने माणसं नेणारी किंवा माल नेणारी गाडी.

इथे जरा थांबू या. हा शब्द वजनासाठी नव्हता, आकारासाठी नव्हता, चालवायला किती अवघड यासाठी तर अजिबातच नव्हता. तो धंदा ओळखण्यासाठी होता. पण त्याच कायद्याने तो शब्द ड्रायव्हरच्या लायसन्सलाही चिकटवला. कलम ३ म्हणत होतं, की ट्रान्सपोर्ट वाहन चालवायचं असेल किंवा पगारी नोकर म्हणून कुठलीही मोटार चालवायची असेल, तर लायसन्सवर तशी खास नोंद पाहिजे. म्हणजे बघा गंमत. साहेबाने स्वतःची मोटार स्वतः चालवली तर साधं लायसन्स पुरे. त्याच मोटारीवर त्याने ड्रायव्हर ठेवला तर ड्रायव्हरच्या लायसन्सवर वेगळी नोंद हवी. मोटार तीच, रस्ता तोच, फक्त चालवणारा पगार घेतो. ट्रान्सपोर्टसाठी वयही वीस पाहिजे होतं, बाकीच्यांना अठरा.

याच कायद्यात आणखी एक प्रकरण होतं, सक्तीच्या थर्ड पार्टी विम्याचं. ते प्रत्यक्षात लागू झालं १ जुलै १९४६ पासून. रस्त्यावरच्या तिऱ्हाईत माणसाला गाडीने उडवलं तर भरपाई विमा कंपनीने द्यायची. मात्र कंपनीला बचावाचे मोजकेच मुद्दे दिले होते, आणि त्यातला एक होता: ड्रायव्हरकडे योग्य लायसन्स नव्हतं. लायसन्सचा वर्ग आणि विम्याचा पैसा यांची गाठ पडली ती इथे. स्वातंत्र्य आलं, कायदे बदलले, कलमांचे आकडे बदलले, पण ही गाठ सुटली नाही. १९८८ च्या कायद्यात ती कलम १४९ मध्ये होती, २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १५० मध्ये आहे.

१९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. पगारी नोकराची वेगळी नोंद त्यात गेली. ते बरंच झालं. लायसन्सचे वर्ग कलम १० मध्ये ए, बी, सी करत दिले होते. बिनगिअरची मोटारसायकल, गिअरची मोटारसायकल, अपंगांसाठीची गाडी (तिला २०१९ पासून 'अ‍ॅडॅप्टेड व्हेइकल' म्हणतात), मग डी मध्ये हलकं मोटार वाहन. त्यानंतर ई, एफ, जी, एच असे चार वर्ग: मध्यम मालवाहू, मध्यम प्रवासी, जड मालवाहू, जड प्रवासी. मग आय वर रोड रोलर आणि जे वर 'विशिष्ट वर्णनाचं वाहन'. आजच्या डोळ्यांनी पाहिलं तर ही रचना बरी होती. ट्रकवाला वेगळा, बसवाला वेगळा, मधल्या गाड्या वेगळ्या, हलक्या वेगळ्या. हलक्याची मर्यादा तेव्हा ६,००० किलो होती.

मग आली १९९४ ची दुरुस्ती. १४ नोव्हेंबर १९९४ पासून लागू. सोपं करायचं म्हणून ई, एफ, जी, एच हे चारही वर्ग काढून टाकले आणि त्यांच्या जागी एकच शब्द ठेवला. 'ट्रान्सपोर्ट व्हेइकल'. हलक्या वाहनाची मर्यादाही वाढवून ७,५०० किलो केली.

सोपं करायला गेले आणि गाठ मारून बसले. कशी ते सांगतो.

कलम २(२१) मध्ये हलक्या मोटार वाहनाची व्याख्या आहे. ती सुरूच होते 'ट्रान्सपोर्ट वाहन किंवा ऑम्निबस' या शब्दांनी, म्हणजे भरलेल्या गाडीचं एकूण वजन ७,५०० किलोंपर्यंत असेल तर ट्रान्सपोर्ट गाडीही हलकंच वाहन. कार, ट्रॅक्टर, रोड रोलर यांचं मात्र रिकामं वजन धरायचं. ही व्याख्या वाचली तर छोटा हत्ती हे हलकं वाहन आहे यात शंका नाही. पण कलम ३ म्हणतं, ट्रान्सपोर्ट वाहनासाठी लायसन्सवर खास नोंद हवी. आणि कलम १० मध्ये हलकं वाहन आणि ट्रान्सपोर्ट वाहन हे दोन वेगळे वर्ग शेजारी शेजारी बसवलेले. १९९४ आधी घोळ नव्हता, कारण डी नंतरचे चारही वर्ग उघड उघड मध्यम आणि जड गाड्यांचे होते. आता त्यांची नावं पुसून नुसतं ट्रान्सपोर्ट लिहिलं. मग अडीच टनांचा पिकअप कुठे बसवायचा? डी मध्ये की ई मध्ये?

त्यात अर्जाच्या फॉर्मची आणखी भर. कायदा १९९४ ला बदलला, पण नियमांमधले फॉर्म जुनेच राहिले. त्यावर मध्यम आणि जडचे जुने रकाने छापलेलेच होते. ते बदलले थेट २८ मार्च २००१ ला. साडेसहा वर्षं कायदा एक बोलत होता आणि आरटीओतला कागद दुसरं. सरकारी कारभार माहीत असलेल्यांना याचं नवल वाटणार नाही, पण ही तारीख लक्षात ठेवा, पुढे लागेल.

हे सगळं पुस्तकी वाटतं म्हणून एक रोजचं उदाहरण घेतो. एक ओम्नी व्हॅन आहे. पांढरी पाटी, काळी अक्षरं. मालक तिच्यातून सासुरवाडीला जातो, देवदर्शनाला जातो. लायसन्स एलएमव्ही. सगळं कायदेशीर. उद्या तो तीच व्हॅन शाळेच्या पोरांसाठी लावतो, पाटी पिवळी होते. स्टिअरिंग तेच, ब्रेक तेच, वजन तेच, चालवणारा तोच. पण लायसन्स? इन्शुरन्सवाले म्हणणार, हे चालत नाही. ड्रायव्हरचं कौशल्य पाटीच्या रंगावर बदलतं असा अर्थ त्यातून निघत होता.

आणि आपल्याकडे तर या वर्गातल्या गाड्यांचं अख्खं राज्य आहे. टेम्पो हा शब्दच बघा. ते एका जर्मन कंपनीच्या गाडीचं नाव. १९५८ साली बजाज टेम्पो कंपनीने त्यांच्या परवान्यावर तीनचाकी टेम्पो काढला आणि मराठीत मालाची छोटी गाडी म्हणजे टेम्पो असंच ठरून गेलं, मग ती कुठल्याही कंपनीची असो. पुढे त्याच कंपनीची मॅटाडोर आली. १९८६ ला टाटाची ४०७ आली. २००५ ला टाटा एस आली आणि लोकांनी तिला छोटा हत्ती करून टाकलं. नारायणगावचा टोमॅटो, नाशिकचा भाजीपाला, मार्केट यार्डातली पहाट, लग्नाचा मांडव, गणपतीची मिरवणूक, घर बदलणं, ही सगळी कामं याच गाड्यांवर चालतात. आणि या गाड्या चालवणारा मुलगा बहुतेक वेळा गाव-तालुक्यातल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मारुती ८०० किंवा अल्टोवर शिकून एलएमव्ही काढलेला.

ट्रान्सची नोंद त्याने का नाही केली, असं विचारणं सोपं आहे. तेव्हा त्यासाठी आधी हलक्या वाहनाचं लायसन्स एक वर्ष जुनं लागायचं, वय वीस लागायचं, डॉक्टरचं सर्टिफिकेट लागायचं आणि दर तीन वर्षांनी नूतनीकरण (ते आता पाच वर्षं झालं आहे). मध्ये आठवी पासची अटही होती. ती केंद्र सरकारने २०१९ साली काढली. ज्याने चौथीतच शाळा सोडून क्लीनर म्हणून गाडीवर पाय ठेवला, त्याला गाडी सगळ्यांपेक्षा चांगली येत असली तरी दार बंद होतं. आणखी एक विसंगती सांगतो. ३,००० किलोंपर्यंतच्या मालवाहू गाडीला कायद्याने परमिट लागत नाही. म्हणजे छोटा हत्ती धंद्याला लावायला परमिट नको, पण चालवायला ट्रान्सपोर्टचं लायसन्स हवं. ज्या परमिटसाठी हा शब्द जन्मला, ते परमिट या गाडीच्या बाबतीत उरलंच नव्हतं, शब्द तेवढा उरला होता.

आता अपघात झाला की काय व्हायचं ते बघा. गेलेल्याच्या घरचे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातात. विमा कंपनीचा वकील ड्रायव्हरच्या लायसन्सची आरटीओकडून माहिती मागवतो. एलएमव्ही आहे, ट्रान्स नाही. मग कंपनी म्हणते, पॉलिसीच्या अटीचा भंग झाला, आमची जबाबदारी नाही. काही निकालांत कंपनी सरळ सुटायची आणि मग त्या विधवेने पैसे टेम्पोमालकाकडून वसूल करायचे. टेम्पोमालक कोण? बँकेचे हप्ते भरणारा, बऱ्याचदा स्वतःच ड्रायव्हर असलेला माणूस. निवाड्याची रक्कम काही लाखांत, कधी कोटीच्या जवळ. त्याने कुठून द्यायची? काही निकालांत न्यायाधिकरण मधला रस्ता काढायचं: कंपनीने आधी कुटुंबाला पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत. ही 'आधी भरा, मग वसूल करा' पद्धत २००४ च्या सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींच्या निकालाने घट्ट झाली. त्याच निकालाने हेही सांगितलं होतं की लायसन्समधला दोष अपघाताला खरोखर कारण झाला का हे बघा. कुटुंबाच्या दृष्टीने हा मोठा आधार होता. पण मालकाच्या मागे वसुली लागायचीच, आणि न्यायाधिकरणाची रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करण्याची तरतूद कलम १७४ मध्ये आहे. याचा अर्थ शेतकऱ्याला वेगळा समजावून सांगायला नको.

कोर्टांचं एकमत असतं तरी लोकांनी जमवून घेतलं असतं. ते नव्हतं. १९९९ साली सुप्रीम कोर्टाने हलक्या वाहनाच्या व्याख्येत ट्रान्सपोर्ट गाडी येते म्हणून विमा कंपनीचा मुद्दा फेटाळला. २००७-०८ च्या सुमारास एका प्रकरणात नेमकं उलटं झालं, खास नोंद नाही म्हणून कंपनी सुटली. त्याच काळात मॅटाडोरच्या एका केसमध्ये कोर्टाने म्हटलं, अपघात २८ मार्च २००१ च्या आधीचा आहे, तेव्हा फॉर्म जुने होते, म्हणून हे लायसन्स चालेल. आठवतेय ना ती तारीख? म्हणजे तुमचा माणूस फेब्रुवारी २००१ मध्ये गेला की एप्रिलमध्ये, यावर भरपाई कोण देणार हे ठरायचं. २०१३ मध्ये एका मॅक्सीकॅबच्या प्रकरणात पुन्हा कंपनीला पैसे द्यायला लावले. वकिलांच्या टेबलावर दोन्ही बाजूंचे निकाल तयार असायचे आणि कुठलं न्यायाधिकरण कुठला धरेल याचा भरवसा नाही.

ट्रॅक्टरचं थोडं वेगळं सांगायला हवं, कारण आपल्या भागात उसाचा हंगाम सुरू झाला की रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांच्या रांगा लागतात. ट्रॅक्टरच्या लायसन्सवर ट्रॉली जोडलेली चालते का? इन्शुरन्सवाले म्हणायचे, ट्रॉली लावली, माल भरला, आता हे ट्रान्सपोर्ट वाहन झालं. सुप्रीम कोर्टाने २००१ मध्येच सांगितलं होतं की ज्याच्याकडे ट्रॅक्टर चालवायचं वैध लायसन्स आहे, त्याचं लायसन्स मागे ट्रॉली जोडल्याने निकामी होत नाही. तरी हा मुद्दा पुढची कित्येक वर्षं उकरून काढला जात राहिला. (ट्रॉल्यांना मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, हा वेगळा आणि जास्त जीवघेणा विषय. त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.)

शेवटी प्रकरण तीन न्यायमूर्तींकडे गेलं. ३ जुलै २०१७ ला त्या पीठाने सांगितलं: ७,५०० किलोंपर्यंतची ट्रान्सपोर्ट गाडी ही हलकं मोटार वाहनच आहे, एलएमव्ही लायसन्सवाला ती चालवू शकतो, वेगळी नोंद नको. एप्रिल २०१८ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना तसं कळवलं. टॅक्सी, रिक्षा, छोटे मालवाहू यांच्या ड्रायव्हरांनी सुटकेचा श्वास टाकला.

विमा कंपन्या मात्र थांबल्या नाहीत. त्यांचं म्हणणं होतं की २०१७ च्या निकालात कायद्यातल्या काही तरतुदी बघायच्या राहिल्या. ट्रान्सपोर्टसाठी वीस वर्षांची अट, एक वर्ष जुन्या लायसन्सची अट, वेगळी मुदत, वैद्यकीय तपासणी, वेगळं प्रशिक्षण. हे सगळं कायद्यात आहे, मग ते निरर्थक कसं मानायचं? मार्च २०२२ मध्ये न्या. उदय लळीत यांच्या अध्यक्षतेखालच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हा प्रश्न पाच जणांकडे पाठवला.

कंपन्यांच्या या म्हणण्याला मी उडवून लावणार नाही. पैसे वाचवायला ते बोलत होते हे उघड आहे, पण मुद्दा खोटा नाही. घरची कार महिन्यातून चार वेळा चालवणारा आणि दिवसाला बारा तास दुसऱ्यांची पोरं नाहीतर दुसऱ्यांचा माल नेणारा, यांच्यात फरक आहे. त्याची नजर, त्याचं ब्लडप्रेशर, त्याचा थकवा यांची कुणीतरी दर काही वर्षांनी चौकशी करावी यात गैर काय? फक्त एवढंच, की ही काळजी खरी असती तर ती अपघाताच्या आधी दिसायला हवी होती. पॉलिसी विकताना, हप्ता घेताना ड्रायव्हरच्या लायसन्सवर टीआर आहे का हे कुठल्या एजंटने विचारलंय? माझ्या माहितीतल्या एकाही टेम्पोवाल्याला कुणी विचारलेलं नाही. तो प्रश्न माणूस मेल्यावर, कोर्टात, पहिल्यांदा निघायचा.

६ नोव्हेंबर २०२४ ला निकाल आला. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्या. हृषिकेश रॉय, न्या. पी. एस. नरसिंह, न्या. पंकज मिथल आणि न्या. मनोज मिश्रा. निकाल न्या. रॉय यांनी लिहिला आणि पाचही जण एकमत होते. त्यांनी २०१७ चा निष्कर्ष कायम ठेवला, पण कारणं नव्याने मांडली. हलकं वाहन आणि ट्रान्सपोर्ट वाहन हे दोन बंद डबे नाहीत, त्यांचा काही भाग एकमेकांवर येतो. ७,५०० किलोंपर्यंतची ट्रान्सपोर्ट गाडी एलएमव्ही लायसन्सवर चालेल. वय, प्रशिक्षण, वैद्यकीय वगैरे ज्या जादा अटी ट्रान्सपोर्टसाठी आहेत त्या त्यापेक्षा जड गाड्यांसाठी समजायच्या. ई-रिक्षा, ई-कार्ट किंवा धोकादायक माल नेणाऱ्या गाड्या यांच्यासाठीच्या खास अटी तशाच राहतील. आणि एक गोष्ट कोर्टाने स्पष्ट म्हटली, की एलएमव्ही लायसन्सवर ट्रान्सपोर्ट गाडी चालवल्यामुळे अपघात वाढले असा कुठलाही आकडा त्यांच्यासमोर आला नाही. २०२२ मध्ये या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली, हा सरकारचाच आकडा आहे. एवढ्या मृत्यूंच्या देशात, कुठल्या लायसन्सवर कुठली गाडी होती आणि त्याचा अपघाताशी काय संबंध होता, याची नोंद न्यायालयापुढे ठेवता आली नाही. इतकी वर्षं भांडण झालं ते माहितीशिवाय झालं.

आता काही जण इनबॉक्समध्ये विचारतीलच म्हणून: तुमच्या गाडीचं वजन आरसीवर बघा. 'ग्रॉस व्हेइकल वेट' हा रकाना, म्हणजे भरलेल्या गाडीचं कमाल वजन. ते ७,५०० किलोंच्या आत असेल तर एलएमव्ही पुरेसं. छोटा हत्ती, पिकअप, स्कूल व्हॅन, बरेचसे टेम्पो ट्रॅव्हलर यात येतात. पण परमिट, फिटनेस, कर, पिवळी पाटी यांना या निकालाने हात लावलेला नाही. रिक्षा-टॅक्सीचा बॅज हा राज्याच्या नियमांचा वेगळा विषय आहे. आणि गाडी ७,५०० च्या आतली असली तरी तिच्यात दहा टन ठासले तर त्याचं समर्थन कुठलंच लायसन्स करत नाही.

मला हा निकाल बरोबर वाटतो. पण त्यातून मनात एक काटा राहतो. साडेसात टन म्हणजे थोडं नव्हे. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९९७ च्या आधी कारची परीक्षा पास झालेल्यांना साडेसात टनांपर्यंतची गाडी चालवता येते. त्यानंतर पास झालेल्यांना कारच्या लायसन्सवर साडेतीन टनांपर्यंतच परवानगी, वरच्यासाठी वेगळी परीक्षा. तिथे स्थायिक झालेल्या आपल्या लोकांना हे कार्डावर दिसत असेल. म्हणजे त्यांनी रेषा वजनावर ओढली आणि काळाबरोबर खाली आणली. आपण रेषा १९९४ मध्ये सहावरून साडेसातवर नेली, आणि तिच्याखाली अठरा वर्षांचा, आयुष्यात फक्त अल्टो चालवलेला मुलगा पंधरा-सतरा माणसं भरलेला ट्रॅव्हलर घेऊन घाटात उतरला तर आज कायद्याने त्याला अडवता येत नाही. कोर्टाला हे करता येण्यासारखं नव्हतं. ते संसदेचं काम. सुनावणी चालू असताना केंद्र सरकारने कायद्यात दुरुस्ती करण्याचा विचार असल्याचं कोर्टाला सांगितलंही होतं.

संसदेला घाई नसते असंही नाही. ई-रिक्षांचा प्रश्न २०१४ मध्ये दिल्ली हायकोर्टाच्या बंदीमुळे पेटला, तर २०१५ मध्ये कायदा दुरुस्त करून ई-रिक्षावाल्यांना एक वर्ष जुन्या लायसन्सच्या अटीतून सूट देऊन टाकली. दिल्लीत ज्यांचा आवाज पोचतो त्यांचं काम होतं. उलट बाजूने बघा: सोळा वर्षांच्या पोरांना ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी चालवायची मुभा कायद्यात अजून आहे. ती लूनाच्या जमान्यातली. लूना १९७२ साली आली, नगर-पुण्याच्या पोरांनी तिच्यावर क्लास गाठले, मग ती गेली, तशा पेट्रोलच्या गाड्या आता शोरूममध्ये मिळत नाहीत, आणि कलम मात्र जागच्या जागी. आज सोळाव्या वर्षी पोरं सव्वाशे सीसीची मोपेड घेऊन फिरतात, ते सरळ बेकायदेशीर, आणि त्यांच्यासाठी कायद्यात असलेला एकमेव वर्ग रिकामा पडलाय.

जाता जाता कायद्याचं पुस्तक उघडा, कलम १०, पोटकलम २. ए, बी, सी, डी, ई आणि मग एकदम आय. एफ, जी, एच तिथे नाहीत. १९९४ ला पुसले ते तसेच. मध्यम आणि जड गाड्यांच्या व्याख्या कलम २ मध्ये अजून आहेत, जड म्हणजे १२,००० किलोंच्या वर, पण लायसन्सच्या यादीत त्यांचे वर्ग नाहीत. साडेसात टनांच्या खालचं भांडण संपलं. वर काय आहे? आठ टनांचा टेम्पो, सोळा चाकांचा ट्रेलर आणि पन्नास माणसांची बस, तिन्ही कायद्याच्या यादीत ई याच एका अक्षराखाली बसलेत.